फोटो खरा, मजकूर खोटा

२०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. पांढऱ्या कफनात गुंडाळलेली लहान मुलं, ओळीनं निजवलेली. खाली मजकूर होता : मुलं पळवून अवयव काढणारी टोळी आपल्या भागात आली आहे. काळजीपोटी मी तो बहिणीला पाठवला.

फोटो खरा होता, पण सीरियातला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूचा हल्ला झाला, त्यातली ती मुलं. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी एक चित्रफीतही तेव्हा फिरत होती. ती कराचीतली जनजागृतीची जाहिरात. मूळ फितीत मुलाला परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं.

पडताळा घेणं अवघड नाही. गूगल लेन्स किंवा टिनआयला फोटो दिला, की तो पूर्वी कुठे आला होता ते बहुधा कळतं. पहिल्याच उत्तरावर थांबू नये, सर्वांत जुनी तारीख शोधावी. चित्रफीत असेल तर ती थांबवून एका दृश्याचा फोटो घ्यावा आणि तो शोधावा. काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. आता तर संगणकही हुबेहूब चित्रं बनवतो. मजकुरात घटनेचं गाव आणि तारीख आहे का, ते पाहावं. असेल तर तिथल्या पोलिसांना विचारावं, स्थानिक वृत्तपत्र पाहावं. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा ठिकाणी छापून आली, तरी साक्षीदार एकच असतो.

हदीसच्या अभ्यासात ‘इस्नाद’ला मोठं महत्त्व आहे. इस्नाद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं, याची साखळी. एखादी कडी निसटली किंवा एखादा सांगणारा भरवशाचा नसला, तर कथन कमकुवत ठरतं. एकेक कथन पारखण्यासाठी अभ्यासक गावोगाव हिंडत. हे ठाऊक असूनही मी बोट दाबलं होतं.

खरं कळल्यावर मी बहिणीला फोन केला. तोवर तिनं तो फोटो मोहल्ल्यात सगळ्यांना पाठवला होता. ती म्हणाली, “भाईजान, तुम्ही पाठवलात, म्हणून मी खरा मानला.”

त्या साखळीतली कच्ची कडी मीच होतो.