स्नानगृहाची गळती : डाग खाली, दोष वर

छताला पिवळसर डाग दिसू लागला, की बहुतेक घरांत प्रथम रंगारी बोलावला जातो. पोपडे खरवडून पुट्टी भरली जाते, वर जलरोधक रंगाचे दोन हात दिले जातात आणि काही महिन्यांतच तो रंग फुगून सुटू लागतो. पाणी स्लॅबच्या वरून येते आणि रंगाचा थर स्लॅबच्या खाली असतो. पाण्याला मागून लोटण्याची वाट मोकळी असताना रंग टिकणार कसा?

ही गळती समजून घ्यायची, तर वरच्या मजल्यावरील स्नानगृहाच्या लादीखाली काय आहे हे ठाऊक असले पाहिजे. मुंबई-पुण्याकडील बहुमजली इमारतींत स्नानगृहाचा स्लॅब बहुधा इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो. बांधकामाच्या भाषेत याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. या खळग्यात सांडपाण्याचे पाइप टाकून तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात आणि त्यावर लादी बसवतात. लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट झिजले, की रोजच्या आंघोळीचे पाणी थेंबाथेंबाने कोब्यात उतरते. खालचे जलरोधक अस्तर शाबूत असेल, तर ते तिथेच साचून राहते. अस्तराला एक चीर पडली, की खालच्या घराच्या छताला ओल येते. कोबा भिजलेल्या स्पंजासारखा असल्याने स्नानगृहाचा वापर थांबवल्यावरही काही दिवस ठिबक चालू राहू शकते. ‘आम्ही चार दिवस गावी होतो, तरीही तुमच्याकडे गळत होते’ हा वरच्या बिऱ्हाडाचा युक्तिवाद म्हणूनच निर्णायक ठरत नाही. डाग जिथे दिसतो, त्याच्या नेमका वर दोष असेल असेही नाही.

म्हणून फोडाफोडीआधी परीक्षा हवी. पाणीपुरवठ्याचा पाइप सतत दाबाखाली असतो, त्यामुळे तो फुटला असल्यास गळती दिवसरात्र सारखीच राहते. रात्री त्या घरातील सर्व नळ बंद ठेवूनही मीटरचा काटा फिरत असेल, तर संशय पाइपावर घ्यावा. जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेले लोखंडी पाइप गंजून असे फुटतात. पाइप निर्दोष ठरला, तर जमिनीवर सांडू न देता केवळ नहाणी ट्रॅपमध्ये काही बादल्या पाणी ओतून पाहावे. खाली ओल वाढली, तर ट्रॅपचा किंवा त्यापुढील पाइपाचा सांधा निसटलेला असण्याचा संभव मोठा. त्यानंतर, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करावे व जमिनीवर रंगीत पाणी साठवून ठेवावे. या वेळी खाली ओल वाढली किंवा रंग उतरला, तर दोष लादीचा. या कामात घाई केली, की आधीच्या परीक्षेचे पाणी पुढच्या परीक्षेच्या खात्यावर जमा होते.

उपाय दोषानुसार बदलतो. केवळ सांधे झिजले असतील, तर ते कोरून, पूर्ण सुकवून इपॉक्सी ग्राउटने भरल्यास एकही लादी फोडावी लागत नाही. (ॲसिडने लादी चकचकीत करण्याची हौस मात्र सोडावी लागते, सांध्यांतील सिमेंट खाण्यात ॲसिडचा हात कुणी धरणार नाही.) ट्रॅपचा सांधा निसटला असेल, तर त्याच्याभोवतीचा भाग उघडून काम भागू शकते. अस्तरच गेले असेल, तर कोबा काढून थेट स्लॅबपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या लादीवर नवी लादी चिकटवल्याने स्नानगृह देखणे होते, पण खाली साचलेल्या पाण्याचे काहीच होत नाही. नवे अस्तर केवळ जमिनीवर न देता भिंतींवरही वर चढवावे आणि शॉवरच्या बाजूस माणसाच्या उंचीपर्यंत न्यावे. जमीन व भिंत यांच्या कोपऱ्याला आधी गोलाई द्यावी, कारण अस्तर तिथेच प्रथम चिरते. लादी बसवण्यापूर्वी पाणी भरून किमान ४८ तास ठेवावे. कंत्राटदार ही पायरी टाळू पाहतो. ती टाळू देऊ नये.

खर्च कोणी करायचा, यावरून सोसायट्यांत पिढीजात वैरे होतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइप व पावसाचे पाणी यांमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते, तर सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाकडे येतो. त्यामुळे दोन्ही घरांच्या व समितीच्या समक्ष केलेली आणि लेखी नोंदवलेली परीक्षा पत्रव्यवहारापेक्षा अधिक उपयोगी पडते. ओलीने स्लॅबमधील सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. छताचे तुकडे सुटू लागले असतील, तर वाद बाजूला ठेवून आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

दुरुस्ती झाल्यावर खालच्या छताला लगेच रंग देऊ नये. स्लॅबमधील ओल सुकण्यास कित्येक आठवडे लागतात आणि त्या काळात पृष्ठभागावर पांढरे क्षार उमटत राहतात. ते कोरड्या ब्रशने झाडावेत व उमटणे थांबल्यानंतरच रंगाऱ्याला बोलवावे.