एकावर एक मनोविकार

नैराश्याच्या रुग्णाला चिंताविकारही असणे, किंवा धास्तीचे झटके येणारा माणूस दारूच्याही आहारी गेलेला असणे, याला सहव्याधी म्हणतात. ‘कोमॉर्बिडिटी’ हा मूळ शब्द अमेरिकी डॉक्टर अल्वन फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये वापरात आणला. मनोविकारशास्त्राने तो पुढे उचलला.

सहव्याधी किती जणांना असते, हे रुग्णालयात बसून मोजता येत नाही. ज्याला दोन त्रास, त्याला दवाखाना गाठायला कारणेही दोन. साहजिकच तिथे अशा रुग्णांची गर्दी वाजवीपेक्षा जास्त दिसते. ही फसगत जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिली होती. खरा आकडा हवा तर घरोघर फिरावे लागते.

अमेरिकेत रोनाल्ड केसलर यांच्या नेतृत्वाखाली १९९० ते १९९२ दरम्यान नेमके हेच झाले. १५ ते ५४ वर्षे वयाच्या ८,०९८ लोकांना ठरावीक प्रश्नावली विचारण्यात आली. जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी एखादा मनोविकार होऊन गेला होता. गाजला तो हा आकडा. महत्त्वाचा मात्र दुसराच होता. नोंदल्या गेलेल्या एकूण विकारांपैकी निम्म्याहून अधिक विकार अवघ्या १४ टक्के लोकांच्या वाट्याला आले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तीन किंवा अधिक विकार होते. २००१ ते २००३ मध्ये ९,२८२ प्रौढांची नवी पाहणी झाली. त्याआधीच्या वर्षभरात मनोविकार असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना एकच विकार होता, २२ टक्क्यांना दोन, तर २३ टक्क्यांना तीन किंवा अधिक.

या पाहणीत विकार सुरू होण्याचे मध्यक वय चिंताविकारांसाठी ११, व्यसनांसाठी २० आणि नैराश्यासारख्या भावविकारांसाठी ३० वर्षे निघाले. थोडक्यात, जिला घरचे ‘लाजाळू’ म्हणून सोडून देतात, ती शाळकरी मुलाची भीती पुष्कळदा पहिली कडी असते.

विकार असे एकत्र का येतात? कधी एक दुसऱ्याला ओढून आणतो: चारचौघांत बोलायची धास्ती घालवायला माणूस पेला उचलतो आणि पुढे दारूच त्याला नैराश्यात लोटते. कधी दोघांचे मूळ एक असते. केनेथ केंडलर यांच्या १९९२ मधल्या जुळ्या बहिणींवरील अभ्यासात नैराश्य आणि सततची चिंता यांमागची आनुवंशिकता बव्हंशी एकच आढळली. काही गुंता मात्र निदानाच्या नियमांनीच वाढवला आहे. बिघडलेली झोप, थकवा, एकाग्रता न होणे ही लक्षणे दोन्ही विकारांच्या यादीत आहेत. शिवाय, मोठा विकार असताना धाकटा वेगळा नोंदू नये, अशा स्वरूपाची बरीच बंधने अमेरिकी निदानसंहितेने १९८७ च्या आवृत्तीत काढून टाकली. माणसे तीच राहिली, कागदावरचे विकार वाढले. अर्थात दारू आणि नैराश्याची जोडी काही अशा कागदी कारणाने जुळत नाही.

उपचारांत सोपी बाजूही आहे: नैराश्यावरची काही औषधे चिंताविकारावरही चालतात. व्यसन असेल तर काम अवघड होते. ‘आधी दारू सोडा, मग या’ म्हणून रुग्णाला परत पाठवले, तर ज्या धास्तीमुळे तो पितो ती तशीच राहते. आणि दारूची चौकशी न करता चिंतेवर बेन्झोडायझेपिन गटातली गोळी लिहून दिली, तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.