दुकान बारमाही, विश्रांती हक्काची

लोहगडाच्या पायथ्याशी वसलेल्या लोहगडवाडीसारख्या मावळातील गावांतून रोजगारासाठी शहराकडे जाणाऱ्या तरुणांना मोठ्या विक्री-दालनांतील नोकरी आकर्षक वाटते. त्या नोकरीतील हक्क मात्र अनेकांना ठाऊक नसतात.

राज्यात १९४८ च्या कायद्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने घेतली. त्यान्वये दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. परंतु प्रत्येक कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. जादा कामाचे वेतन दुप्पट दराने आणि वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा, हेही त्याचे हक्क होत.

२०२५ मध्ये दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १० तास करण्यात आली आणि अधिनियमाची व्याप्ती १० ऐवजी २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवण्यात आली. व्यवसायसुलभता व रोजगारवाढ ही त्यामागील भूमिका. तर दिवसभर उभ्याने राबणाऱ्यांचा शीण वाढेल आणि लहान दुकानांतील नोकर संरक्षणाबाहेर राहतील, हा त्यावरील आक्षेप. तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगारांसाठी बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

किमान वेतनाचा हक्क मात्र कामगारसंख्येवर अवलंबून नाही. ओळखपत्र, वेतनचिठ्ठी व हजेरीची नोंद जपून ठेवण्याविषयी शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी तरुणांना वेळीच सांगावे. पुरावा हाती असेल तरच हक्काची मागणी टिकते.