चाकांवरच्या घराला छत्री

सकाळी ७. दिवाळी होऊन गेली आहे, मोखाड्यात हवेला चांगला गारठा आहे. पिशवीत आरजी-६ वायरचं बंडल, एफ कनेक्टर, क्रिंपिंगची पकड, होकायंत्र, सिलिकॉन, पाने आणि ड्रिल मशीन. आज पोशेऱ्यात दोन कामं. एक छोटासा कनेक्टर राहिला तरी परत फेरी पडते, म्हणून पिशवी दोनदा बघतो.

सकाळी ९. पहिलं काम नाशिकच्या कुटुंबाचं. गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर त्यांनी ओळखीच्यांच्या वाडीत आंब्याखाली उभं केलं आहे. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, पण आमच्या भागात असं घर अजून नवलाचंच; पाड्यावरची पोरं भोवती जमलेली. "दादा, केबल जोडून द्या," मालक म्हणाले. इथं वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली, खांबाखांबावरून तार ओढणं कोणाला परवडणार? म्हणून डिशची छत्रीच लागते. ती त्यांना टपावर पक्की बसवून हवी होती. मी नको म्हटलं. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पोशेऱ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच. घराचं तोंड प्रत्येक मुक्कामी वेगळं, त्यामुळे टपावरची छत्री दर वेळी पुन्हा लावावी लागणार. शिवाय रस्त्यावर तिच्यात वारा भरतो तो वेगळाच. पटलं त्यांना.

सकाळी १०. पक्कं करायचं ते फक्त भिंतीतलं सॉकेट. टपाला भोक पाडायचं नाही. आमच्याकडचा पाऊस अशी जागा बरोबर शोधतो. बाजूच्या भिंतीवर, आत कपाट येतं अशी जागा निवडली. मागून विजेची तार किंवा गॅसची नळी जात नाही ना, हे हात घालून, बॅटरी मारून बघितलं. आधी बारीक भोक, मग मोठं. बाहेरचा पत्रा, मधला फोम, आतलं प्लायवुड असे तीन थर ड्रिलच्या आवाजावरून कळतात. झाकणाचं सॉकेट बसवून कडेनं सिलिकॉन भरलं.

खरी कसोटी कनेक्टरची. वरचं काळं आवरण कापायचं, जाळी मागे दुमडायची आणि मधली तार मोकळी करायची. जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला लागला तरी पडद्यावर काही दिसत नाही, आणि दोष बिचाऱ्या बॉक्सवर जातो. बाहेरच्या वायरला सॉकेटच्या खाली एक वळसा सोडला, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून जातं, आत शिरत नाही.

सकाळी ११. घर सावलीत ठेवलं आणि छत्री तिपाईवर शेजारच्या, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात उभी केली. पायांवर दगड. होकायंत्रानं दिशा धरून बोटभर डावी-उजवी, मग वर-खाली. छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा एलएनबी जरासा फिरवला आणि पडद्यावरची सिग्नलच्या क्वालिटीची पट्टी चढली. सह्याद्री वाहिनी लागताच घरातल्या आजी पुढे सरकून बसल्या. बॉक्स १२ व्होल्टवर चालणारा होता, पण तो बॅटरीला थेट जोडला नाही. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज चौदाच्या वर जातं, म्हणून मध्ये रेग्युलेटर घातला.

झाडाकडे लक्ष ठेवा, असं त्यांना बजावून सांगितलं. एप्रिलमध्ये निष्पर्ण सागातून छत्रीला आभाळ दिसतं; जूनमध्ये पानं आली की चित्र जातं. आमच्याकडे पावसाळ्यात निम्मे फोन याचेच असतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावायचा नाही. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो, तो पुढे सरकला की चित्र आपोआप येतं.

दुपारी १. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी.

दुपारी २. दुसरं काम पाड्यावर. हे कुटुंब चार दिवसांत भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार. त्यांना नवीन जोड नको होती, असलेली छत्री बरोबर न्यायची होती. माझ्या मते आजचं मोठं काम हेच. भट्टीवर सहा-सात महिने झोपडीत काढायचे, रात्री करमणूक म्हणावी तर तेवढीच. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. २००४ च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली, तेव्हापासून गरिबाला टीव्ही परवडू लागला.

छत्री उतरवायच्या आधी कोनाच्या जागी खिळ्यानं रेघ मारून घेतली. भिवंडीत दिशेचा आणि उंचीचा फरक एक-दीड अंशाहून जास्त नाही, त्यामुळे रेघ तिथंही कामाला येते. थोरली मुलगी सातवीत आहे. होकायंत्र तिच्या हातात दिलं. "मामा, आग्नेय म्हणजे पूर्व आणि दक्षिणेच्या मधली ना?" तिनं विचारलं, आणि पट्टी बघत छत्री स्वतः लावली, एकदा नाही, दोनदा. एलएनबीचं तोंड प्लॅस्टिकनं बांधलं, कनेक्टरवर टोपी घातली.

संध्याकाळी ५. दुकानात परत. भट्टीवर किंवा ऊसतोडीला निघणाऱ्यांना एकच सांगणं: छत्री घाईनं उपटू नका. निघण्याआधी फिटरला बोलवा, रेघ मारून घ्या आणि घरातल्या एकाला ती लावायला शिकवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.