पुरुष जननेंद्रियांच्या पूर्वविकारांचे निदान-संकेतांकन

पुरःस्थ ग्रंथी अर्थात प्रोस्टेट, वृषण, शिश्न इत्यादी अवयवांचा एखादा विकार रुग्णाला पूर्वी होऊन आता बरा झालेला असल्यास वैद्यकीय नोंदीत तो ठरावीक संकेतांकाने दर्शविला जातो. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण वापरतात. भारताच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद मानकांत या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचा समावेश आहे.

वर्गीकरण

दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. तीत चालू विकारांना स्वतंत्र संकेतांक आहेत : प्रोस्टेटचा कर्करोग सी६१, प्रोस्टेटची वाढ एन४०, हायड्रोसील म्हणजेच अंडवृद्धी एन४३, वृषणदाह एन४५. पूर्वविकार मात्र 'झेड' या अक्षराखाली येतात. जननेंद्रियांचा पूर्वीचा कर्करोग झेड८५.४ मध्ये, तर मूत्र व जनन संस्थेचे इतर पूर्वविकार झेड८७.४ मध्ये मोडतात. त्यामुळे बरा झालेला वृषणदाह आणि पडून गेलेला मुतखडा यांना एकच संकेतांक मिळतो. अमेरिकेत २०१५ पासून लागू असलेल्या सुधारित आवृत्तीत अधिक भेद केलेले आहेत : प्रोस्टेटचा पूर्वीचा कर्करोग झेड८५.४६, वृषणाचा झेड८५.४७, पुरुष जननेंद्रियांचे इतर पूर्वविकार झेड८७.४३८.

चालू विकार व पूर्वविकार

कर्करोगाची गाठ काढली, उपचार संपले आणि रोगाचा मागमूस उरला नाही, तरच तो पूर्वविकार ठरतो. त्याच रोगासाठी संप्रेरकांची इंजेक्शने चालू असतील तर सी६१ कायम राहतो. प्रोस्टेटच्या वाढीचा त्रास गोळ्यांनी थांबला, तरी गोळ्या चालू असेपर्यंत तो चालू विकारच होय.

डॉक्टर 'एच/ओ' हे लघुरूप दोन अर्थांनी वापरतात. 'तीन दिवसांपासून लघवीला जळजळ' ही आजची तक्रार आणि दहा वर्षांपूर्वीची अंडवृद्धीची शस्त्रक्रिया, या दोहोंपुढे ते आढळते. संकेतांक देणाऱ्याने लघुरूपावर न विसंबता पुढील मजकूर वाचणे आवश्यक असते.

औद्योगिक पट्ट्यातील महत्त्व

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कामगार चिंचवडच्या मोहननगर येथील राज्य कामगार विमा रुग्णालयात, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा गटविम्यावर खासगी रुग्णालयात उपचार घेतात. नोकरी वा कंत्राटदार बदलला की रुग्णालयही बदलू शकते आणि जुने कागद मागे राहतात. नव्या ठिकाणी चालू कर्करोगाची नोंद पूर्वविकार म्हणून झाली, तर पुढील उपचारांच्या खर्चाचा दावा अडू शकतो. उलट घडल्यास बरा झालेला माणूस कागदोपत्री कर्करुग्णच राहतो. लाजेपोटी असे आजार न सांगण्याची प्रवृत्तीही नोंद अपुरी ठेवते. म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर विकाराचे नाव, उपचार संपल्याची तारीख आणि चालू औषधे या तीन गोष्टी स्पष्ट असणे महत्त्वाचे ठरते.