‘उहुरू आफ्रिका’ : एका ध्वनिमुद्रिकेचा अर्थ

कलेला रंग नसतो, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. मग १९६४ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला एका जाझ ध्वनिमुद्रिकेवर बंदी का घालावी लागली? लँग्स्टन ह्यूज शिकवताना मी विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न ठेवतो.

ती ध्वनिमुद्रिका ‘उहुरू आफ्रिका’. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय पियानोवादक रँडी वेस्टन (१९२६-२०१८) याने ती नोव्हेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रित केली. त्या एकाच वर्षात आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले होते. शब्द ह्यूजचे, वाद्यवृंदाची रचना मेल्बा लिस्टन या ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या स्त्रीची.

जाझ, कविता, शास्त्रशुद्ध गायन आणि आफ्रिकी ढोल हे सारे तिच्यात आहे. काहींना ती नुसती सरमिसळ वाटेल. पण वादकांकडे पाहावे. ओलातुंजी नायजेरियाचा, कँडिडो आणि पेराझा क्यूबाचे, मॅक्स रोच अमेरिकेचा. गुलामांच्या जहाजांनी ज्यांची ताटातूट केली, त्यांचे ताल येथे पुन्हा एका ठिकाणी येतात. ही सरमिसळ नव्हे, पांगवलेल्या माणसांची भेट आहे.

भाषेचेही तसेच. आफ्रिकी माणसाला धड भाषाच नाही, असे चित्र हॉलिवूडच्या टारझनपटांनी जगभर नेले. वेस्टनने टांगानिकाच्या तुंतेमेके सांगा यांच्याकडून ह्यूजची कविता स्वाहिलीत म्हणवून घेतली आणि तिला इंग्रजीच्या शेजारी, बरोबरीने बसवले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ज्याची बोली वर्गात हसण्यावारी नेली गेली, त्याला या बरोबरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

‘आफ्रिकन लेडी’ हा दुसरा भाग कृष्णवर्णीय स्त्रीचा गौरव करतो. शेवटचा भाग ‘कुचेझा ब्लूज’. कुचेझा म्हणजे खेळणे, नाचणे. अमेरिकेतील काळ्यांच्या दुःखातून आलेले ब्लूज येथे स्वातंत्र्याच्या आनंदात नाचू लागतात.

वर्णभेदाची सारी मांडणीच माणसे वेगळी ठेवण्यावर उभी होती. ही ध्वनिमुद्रिका त्यांना एकत्र आणत होती, त्यांचा इतिहास एक आहे असे बजावत होती. सुरांतले हे राजकारण तिच्या चाहत्यांइतकेच बंदी घालणाऱ्यांनाही नेमके कळले होते. ‘निव्वळ कले’चा आग्रह धरणाऱ्या आपल्या समीक्षकांनी निदान एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.