रात्रीचे ऊन आणि शेजाऱ्याचा बांध



हुमणी नियंत्रणाच्या बैठकीसाठी आम्ही मध्यंतरी एका गटात गेलो होतो. विषय आपला नेहमीचाच. वळवाचा पाऊस झाला की कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा कसे करायचे आणि प्रकाश सापळा कुठे लावायचा. बैठक आटोपली, चहा आला, आणि एका तरुण सभासदाने मोबाईल पुढे केला.

"साहेब, हे बघा. अमेरिकेतली एक कंपनी म्हणे आभाळात आरसे सोडून रात्री ऊन पाडणार. आपल्याकडं घेता येईल का? रात्रीच्या लायटीला दारं धरायची म्हणजे साप-किरडाचं भ्या. वरनं उजेड पडला तर बरंच की!"

सगळे हसले. पण कडेला बसलेले एक वयस्कर सभासद, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, ते काही हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या रानात पडंल रे उजेड. पण माझ्या रानात नको असला तर मी कुणाकडं जायचं?"

आबांच्या या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. घरी आल्यावर माहिती काढली, थोडा हिशेब मांडला. तो आपल्यापुढे ठेवावा म्हणून हा लेख.

कल्पना शंभर वर्षांची

आकाशातल्या आरशाची कल्पना नवी नाही. हेर्मान ओबेर्थ या अग्निबाणशास्त्रज्ञाने १९२३ सालच्या आपल्या जर्मन ग्रंथात ती मांडली होती. उत्तरेकडची बंदरे बर्फापासून मोकळी ठेवावीत, पिके कडाक्याच्या थंडीतून वाचवावीत, असा त्याचा विचार. पुढे १९६६ च्या सुमारास व्हिएतनामच्या युद्धात रात्री जंगल उजळावे म्हणून अमेरिकेत असा बेत तपासला गेला. तेथील शास्त्रज्ञांनीच विरोध केला आणि तो मागे पडला.

प्रत्यक्ष प्रयोग केला तो रशियाने. व्लादिमीर सिरोम्यातनिकोव्ह हे इंजिनिअर त्याचे प्रमुख. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी 'मीर' या अंतराळस्थानकाजवळ एका मालवाहू यानातून २० मीटर व्यासाचा, चकचकीत पातळ पडद्याचा आरसा उघडला गेला. नाव 'झ्नाम्या', म्हणजे ध्वज. त्याचा सुमारे ५ किलोमीटर रुंदीचा कवडसा फ्रान्सपासून रशियापर्यंत धावत गेला. उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. खाली बऱ्याच ठिकाणी ढग होते, त्यामुळे पाहिला तो थोड्यांनीच. थंडीत महिनोन् महिने अंधारात राहणाऱ्या उत्तरेकडच्या गावांना उजेड द्यावा, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा प्रयोग ४ फेब्रुवारी १९९९ रोजी झाला. आरसा २५ मीटरचा. त्याही वेळी खगोलशास्त्रज्ञांनी आणि निसर्गाच्या अभ्यासकांनी आधीच हरकत घेतली होती. पण उघडतानाच पडदा यानाच्या अँटेनात अडकून फाटला आणि रशियाचा नाद तिथेच संपला. २०१८ साली चीनमधील चेंगदू शहरासाठी 'कृत्रिम चंद्र' सोडण्याची घोषणा झाली होती. मुदत २०२० ची होती. तो चंद्र काही उगवला नाही.

आता त्या मोबाईलमधल्या कंपनीकडे येऊ. 'रिफ्लेक्ट ऑर्बिटल' ही कॅलिफोर्नियातली कंपनी. तिने २०२५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे एका प्रायोगिक उपग्रहासाठी अर्ज केला. आरसा सुमारे १८ मीटर लांब, १८ मीटर रुंद. उंची ६०० किलोमीटरहून थोडी जास्त. पुढे असे हजारो आरसे सोडण्याचा मानस तिने जाहीर केला. सौरऊर्जा केंद्रांना संध्याकाळनंतरही ऊन, रात्रीच्या कामाला उजेड, आणि पिकांची जादा वाढ, असे फायदे सांगितले गेले. पीक म्हटले की आपला कान टवकारतोच.

गुंठ्याचा हिशेब

लहानपणी आपण सगळ्यांनी आरशाच्या तुकड्याने भिंतीवर कवडसा पाडला आहे. भिंत जवळ असली की कवडसा आरशाएवढा आणि लख्ख. भिंत लांब गेली की तो पसरतो आणि फिका होतो. कारण सूर्य हा ठिपका नाही, थाळी आहे. थाळीच्या प्रत्येक कडेचा किरण थोड्या वेगळ्या दिशेने येतो आणि वेगळ्या दिशेने परततो. म्हणून आरसा जेवढा लांब, त्याच्या साधारण १०७ व्या हिश्श्याएवढा तरी कवडसा रुंद होणारच. आरसा कितीही गुळगुळीत केला तरी यातून सुटका नाही.

आता १८ बाय १८ मीटर म्हणजे ३२४ चौरस मीटर, आपल्या भाषेत सव्वातीन गुंठे. ६२५ किलोमीटरवरून त्याचा कवडसा पडणार जवळजवळ ६ किलोमीटर रुंदीचा, म्हणजे सुमारे ६,५०० एकरांचा. सव्वातीन गुंठ्यांचे ऊन साडेसहा हजार एकरांवर वाटायचे! एका पाटाचे पाणी सगळ्या कार्यक्षेत्राला पुरवण्यातलाच हा प्रकार. वाट्याला येते दुपारच्या उन्हाचा सुमारे ८० हजारावा भाग. पौर्णिमेचे चांदणे हे उन्हाच्या सुमारे ४ लाखावा भाग असते. तेव्हा हा उजेड फार तर चार-पाच पौर्णिमांइतका, आणि तोही आरसा डोक्यावरून जाईपर्यंत. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो, त्यामुळे एका जागी तो चारेक मिनिटेच उजेड देऊ शकतो. खरे दुपारचे ऊन पाडायचे तर एका जागेवर एकाच वेळी ८० हजार आरसे रोखावे लागतील.

ऊस हा उन्हाचा भुकेला गडी. इतक्या उजेडात त्याच्या पानात साखरेचा कणही तयार होणार नाही. तेव्हा जादा उत्पादनाची आशा सभासदांनी ठेवू नये.

मग एवढ्याशा उजेडाने बिघडते काय?

हाच प्रश्न त्या तरुण सभासदानेही विचारला असता. उत्तर असे की पिकाला अन्न तयार करायला भरपूर उजेड लागतो, पण रात्र मोजायला फार थोडा उजेड पुरतो.

हे पुस्तकातले नव्हे, रानातले सांगतो. रस्त्याच्या दिव्याखाली आलेले सोयाबीन आपण पाहिले असेल. सगळे रान पिवळे पडून काढणीला येते, पण दिव्याखालचा पट्टा हिरवाच्या हिरवा. पाने भरपूर, शेंगा मागे. त्या पिकाची रात्रच झालेली नसते. शेवंतीवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात. रात्री बल्ब लावून फूल लांबवतात आणि बाजार साधतात.

आपल्या उसाचेही तेच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला आणि रात्र वाढू लागली की तुऱ्याची तयारी कोंबात सुरू होते. तुरा पुढे दिसतो. त्या दिवसांत रोज रात्री मध्येच उजेड दाखवला तर तुरा येत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे.

बैठकीत हे सांगितल्यावर एकाने लगेच पकडले. "मग झालं की साहेब! तुरा नाही म्हणजे ऊस पोकळ पडत नाही, वजन घटत नाही. फायदाच!"

मुद्दा बिनतोड वाटतो. पण कवडसा साडेसहा हजार एकरांचा आहे, हे विसरू नका. तुमच्या उसाचा तुरा थांबवणारा उजेड शेजाऱ्याच्या सोयाबीनची शेंगही थांबवील. शिवाय नव्या जाती निघतात त्या तुऱ्यातूनच. को ८६०३२ मधले 'को' म्हणजे कोईमतूर, हे आपणास ठाऊक आहेच. तिथे आणि आपल्याकडे आंबोलीच्या केंद्रात तुरे आले म्हणूनच संकर होतात. तुरा आपल्या फडात नको, पण कुठे तरी तो हवाच.

तिसरी गोष्ट हुमणीची, ज्यासाठी आम्ही त्या गटात गेलो होतो. भुंगेरे दिवेलागणीनंतर पहिल्या दीड-दोन तासांत जमिनीतून निघतात. आपला सापळा चालतो तो भोवती अंधार असतो म्हणूनच. चांदण्या रात्री सापळ्यात किडे कमी येतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आणि हे आरसे नेमके त्याच वेळी कामाचे. मध्यरात्री इतक्या उंचीवरचा आरसा बहुतेक पृथ्वीच्या सावलीत असतो. सूर्य त्याला दिसतो तो मावळतीनंतर आणि उगवतीपूर्वी काही काळ.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका आरशाच्या चार मिनिटांनी तुराही थांबणार नाही आणि हुमणीही वाढणार नाही. भीती आहे ती एकामागून एक आरशांची रांग रोज संध्याकाळी एकाच मुलखावर रोखली जाण्याची. आणि कंपनीने मनात धरलेला बेत हजारोंचाच आहे.

हरकती कोणाच्या?

या अर्जावर हरकती आल्या. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपली चिंता मांडली. दूरच्या ताऱ्यांचा मंद उजेड टिपणाऱ्या दुर्बिणींपुढून असे लखलखते आरसे जाऊ लागले तर निरीक्षण कसे व्हायचे? 'डार्कस्काय इंटरनॅशनल' ही अंधार जपणारी संस्थाही विरोधात उभी राहिली. याच संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. रात्री हिंडणारी जनावरे, वाट काढणारे पक्षी, माणसाची झोप, वैमानिकांचे दिपणारे डोळे, असे पुष्कळ मुद्दे पुढे आले.

पण हरकत ऐकणारे कार्यालय कोणते? दळणवळण आयोगाचे मूळ काम रेडिओ लहरींच्या वाटपाचे. उपग्रह संदेश कोणत्या लहरींवर पाठवणार, हे तो पाहतो. रात्रीचा अंधार राखणे हे काही त्याचे मूळ काम नव्हे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाश सर्व राष्ट्रांना खुले आहे, आणि खाजगी कंपनीच्या उद्योगाला परवानगी देणे व तिच्यावर देखरेख ठेवणे हे तिच्या देशाच्या सरकारचे काम. इतरांच्या हिताची योग्य दखल घ्यावी, असेही त्या करारात आहे. भारत त्यात सामील आहे. म्हणजे आबांना हरकत घ्यायची झाली तर गावातून तालुका, तालुक्यातून दिल्ली, आणि दिल्लीतून सातासमुद्रापार. तोवर आरसा किती फेऱ्या मारून जाईल!

बांधाचा न्याय

आमच्या नोकरीत आम्ही बांधावरची अनेक भांडणे मिटवली. त्यातले एक नेहमीचे. उसात टू-फोर-डी मारले, वारा सुटला, आणि शेजारची वांगी किंवा द्राक्षबाग आखडून गेली. मारणारा म्हणतो, मी माझ्याच रानात मारले. खरे आहे. पण वाऱ्याला सात-बारा वाचता येत नाही. अशा वेळी आम्ही एकच सांगत आलो. वारा बघा, आणि मारण्याआधी शेजाऱ्याला कळवा. त्याने नको म्हटले तर निदान ऐकून तरी घ्या.

उजेडाचेही हेच आहे. विकत घेणारा एक आणि कवडशात येणारी गावे कित्येक. ज्याने पैसे मोजले त्याला ऊन मिळेल. ज्याने मोजले नाहीत त्यालाही ते घ्यावेच लागेल, कारण अंधार काही छत्री धरून राखता येत नाही. आपली सहकारी चळवळ उभी राहिली ती या एका समजुतीवर, की ज्याचा परिणाम सर्वांवर होतो त्याचा निर्णय सर्वांना विचारून व्हावा. वार्षिक सभेत एखादा सभासद उठून हरकत घेतो, तेव्हा तो कारखान्याचा वैरी नसतो. बहुधा तोच कारखान्याचा खरा धनी असतो.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. आमचा सगळा पगारच विज्ञान रानात नेण्याचा आहे. त्या तरुण सभासदाची अडचणही खोटी नाही. रात्री-अपरात्री दारे धरणे हा जिवावरचा खेळ आहे. पण त्यावर उपाय रात्री ऊन आणण्याचा नव्हे, दिवसा वीज आणण्याचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा आहे. आपल्या गावची जागा त्यात देता येते का, याची चौकशी गटवार जरूर करावी. तेच ऊन, पण आपल्या वेळेला आणि आपल्या बांधाच्या आत.

जाता जाता दोन कामे. आपल्या सोयाबीनच्या कडेला रस्त्याचा दिवा असेल तर काढणीपूर्वी दिव्याखालच्या चार ओळी आणि आतल्या चार ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. लेखात जे लिहिले ते दोन मिनिटांत डोळ्यांना दिसेल. आणि वळीव पडल्याबरोबर प्रकाश सापळे लावा. दिवेलागणीनंतरचे पहिले दोन तास चुकवू नका. अंधार अजून आपल्याकडे फुकट आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

आबांना आम्ही पुन्हा भेटलो आणि हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "म्हंजे विचारणार न्हाईतच की ते मला."

नाही विचारणार, आबा. म्हणून तर हरकत आधीच लिहून ठेवावी.

कळावे,

ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते